गाडी लगेच का निघत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. छातीत दुखणाऱ्या माणसाला घेऊन तडक निघायचं सोडून तुम्ही रुग्णवाहिकेतली माणसं तारा कसल्या लावत बसता, असं नातेवाईक नेहमी विचारतात. त्यामागची तगमग मला कळते. पण जायचं कुठे, हे त्या तारांवरूनच ठरतं.

छातीवर सहा आणि हातापायांना चार इलेक्ट्रोड लावले की बारा लीडचा ईसीजी निघतो, म्हणजे हृदयातल्या विजेचा बारा बाजूंनी काढलेला आलेख; एकेक बाजू म्हणजे एक लीड. आम्ही पोहोचल्यापासून 10 मिनिटांत तो हातात हवा. लगतच्या दोन लीडमध्ये एसटी भाग, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या उंच टोकानंतरची रेघ, वर उचललेला दिसला, तर हृदयाची एखादी रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली असण्याची दाट शक्यता असते. अशा वेळी सर्वांत जवळचं रुग्णालय कामाचं असेलच असं नाही. अँजिओप्लास्टी, म्हणजे फुगा घालून बंद वाहिनी उघडणं, लगेच होईल असं हवं. नाहीतर तिथे पुन्हा नोंद, पुन्हा तपासणी, मग दुसरी गाडी, आणि तोवर हृदयाचा स्नायू मरत राहतो. म्हणून ईसीजी पुढे पाठवतो. आम्ही वाटेत असतानाच कॅथलॅबची, म्हणजे अँजिओप्लास्टी होते त्या खोलीची, माणसं जमतात, आणि जिथे तशी सोय आहे तिथे स्ट्रेचर कॅज्युअल्टीत न थांबता थेट आत जातं. निदानापासून 120 मिनिटांत वाहिनी उघडणं जमणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यावं लागतं. काही ठिकाणी ते गाडीतच देतात. त्याआधी पक्षाघात, ऑपरेशन, रक्तस्राव यांची चौकशी करतो, कारण त्या औषधाने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. ते प्रश्न टाळता येत नाहीत.

पहिला ईसीजी साधा आला की घरचे सुटकेचा श्वास टाकतात. मी नाही टाकत. थोड्या वेळाने दुसरा काढते, कधी तिसराही. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन हे प्रथिन वाढलेलं दिसायलाही काही तास लागू शकतात. वयस्कर माणसं, मधुमेही आणि बायका यांच्यात छातीत न दुखताही नुसती धाप, घाम किंवा मळमळ असू शकते. त्यामुळे ‘गॅस असेल’ हे वाक्य घराच्या दारात कुणीच उच्चारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑक्सिजन का लावला नाही, हेही विचारतात. रक्तातलं प्रमाण 90 टक्क्यांच्या खाली नसेल तर त्याचा फायदा होत नाही. स्वीडनमध्ये सहा हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिसलं.

आणि स्वतःच्या गाडीने न्यावं का? नको. अटॅकच्या पहिल्या तासाभरात हृदयाची लय अचानक बिघडून ते थांबू शकतं, आणि तेव्हा शॉक देणारं यंत्र शेजारी लागतं. फ्रँक पॅन्ट्रिज या हृदयरोगतज्ज्ञांनी 1966 साली बेलफास्टमध्ये ते यंत्र रुग्णवाहिकेत चढवलं ते याचसाठी. फोन करा, रुग्णाला बसवून ठेवा, दुखणं किती वाजता सुरू झालं ते लिहून ठेवा आणि चालू असलेली औषधं काढून ठेवा. आल्या आल्या आम्ही आधी तेच विचारतो.