धुऱ्यावरचा दगड

दुपारची लाइन गेली की मी बाज निंबाखाली ओढतो. परवा तिथंच पडलो होतो, तर भाचीनं सातारहून फोटो पाठवला. संगम माहुली, जिथं कृष्णेला वेण्णा मिळते. तिथली कुत्र्याची समाधी. खाली लिहिलं होतं, 'मामा, ओळखा कोण.'

ओळखला की! छत्रपती शाहू महाराजांचा, म्हणजे संभाजीराजांच्या मुलाचा, खंड्या. शिकारीत त्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं, म्हणून त्याला पालखी अन् जहागीर मिळाली, असं सांगतात.

जहागिरीपाशीच माझी गाडी अडली. बाजेखाली जीभ काढून पडलेल्या पांढऱ्याकडे पाहिलं. याच्या नावावर काय? सकाळची अर्धी भाकर, तीही गायीच्या तोंडून उरली तर. बैलाला पोळा आहे, खांदशेकणी आहे, पुरणपोळी आहे. चावणाऱ्या नागालासुद्धा पंचमी आहे. कुत्र्याला वर्षभर 'हाड'.

महाराजांचं मला पटतं मात्र. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा ते सात वर्षांचे होते. मोगलांच्या कैदेतून सुटले ते १७०७ मध्ये. घरी यावं, तर ताराबाईंच्या बाजूनं आवई, हा तोतया आहे. शेवटी आपल्या वऱ्हाडाशी ज्यांचं नाव जोडलेलं, ते परसोजी भोसले त्यांच्यासोबत एका ताटात जेवले, तेव्हा कुठं लोकांची खात्री पटली. अठरा वर्षांनी परतून आपण आपणच आहोत याचा पुरावा द्यायचा! कुत्र्यानं नुसतं हुंगलं असतं.

आमच्या आबाजीचा टिप्या असाच हुंगत यायचा. हरभऱ्याच्या दिवसांत आबाजी जागलीला जायचे, सुटीत मीही. मचाणावर आम्ही, खाली टिप्या. त्याच्या गळ्यात एका मेलेल्या बैलाची पितळी घंटी होती, पण तिचा लोलक आबाजीनं काढून टाकलेला. मी विचारलं तर म्हणाले, "वाजली त डुक्कर पयून जाईन ना बावा. मंग हा धरंन काय?"

टिप्यानं जन्मात एकही डुक्कर धरलं नाही. डुकरं आली की तो मचाणाच्या खांबाला पाठ लावून भुंकायचा, आवाजानं आबाजी उठायचे, डबा बडवायचे, अन् डुकरं शेजाऱ्याच्या वावरात जायची. सकाळी सगळा मान टिप्याचा.

वाघाशी झुंज वगैरे काही नाही, म्हातारा होऊनच मेला. आबाजीनं त्याला धुऱ्यावर पुरलं. "वावरात गाडला त वखर लागंन त्याले." घंटी गळ्यातच राहू दिली. वर हातभर दगड रोवला. नाव नाही, शेंदूर नाही. घरी येऊन आंघोळ केली अन् आजीला म्हणाले, पोट बरोबर नाही, जेवत नाही.

आता त्याला चाळीस वर्षं होत आली. धुऱ्यावर दुसरी काही खूण उरली नाही, त्यामुळे तो दगडच हद्दीचा दगड झालाय. आमचे शेजारी म्हणतात, मी तो दोन हात त्यांच्याकडे सरकवला. मोजणीचा अर्ज टाकलाय त्यांनी. चार माणसांत मला तोतया ठरवून झालं.

खरं तर काम अर्ध्या तासाचं आहे. पंच बोलवायचे, दगड उपटायचा, खाली खोदायचं. घंटी निघेल. आबाजीच्या वेळचे दोन म्हातारे अजून गावात आहेत, बिनलोलकाची घंटी पाहिली की ते लगेच ओळखतील.

परवा फोटो पाहिल्यावर मनाशी ठरवलं अन् काल टिकास खांद्यावर टाकून निघालो. पांढरा मागं आलाच. धुऱ्यावर पोचलो, टिकास ठेवलं, जरा टेकलो. पांढऱ्यानं दगड हुंगला, तीन गिरक्या मारल्या अन् तिथंच अंग टाकलं. थोडा वेळ बसलो अन् परत निघालो.

बायको म्हणाली, "काहून वापस आले?"

म्हटलं, "ऊन लई हाये."

सकाळचे सात वाजले होते.