आमची वाटचाल: एका नंबर प्लेटपासून

आम्ही मोटरसायकली हौसेप्रमाणे बदलून देतो. नंबर प्लेट धरणारा आमचा पहिला ब्रॅकेट दीड महिना टिकला. मग तो वाकाच्या रेषेवर तुटला आणि गिऱ्हाईक प्लेट हातात घेऊन दारात उभा राहिला. प्लेट रस्त्यात सापडली, हे आमचं नशीब.

काम सोपं वाटलं होतं. मागच्या मडगार्डची लांब शेपटी उतरवायची, नंबर प्लेट चाकाच्या बगलेला आणायची, की टायर उघडं दिसतं आणि गाडी अंगानं भरल्यासारखी वाटते. मी, मावसभाऊ, एक ड्रिल, एक ग्राइंडर. ॲल्युमिनियमची पट्टी काटकोनात वाकवली, मागच्या एक्सलच्या, म्हणजे चाकाच्या आसाच्या, नटाखाली दाबली, झालं काम.

चुका मोजायला बसलो तेव्हा बोटं पुरेनात. वाक धारदार होता, त्यामुळे सगळा ताण एकाच रेषेवर येत होता. ॲल्युमिनियम सततची थरथर फार दिवस सोसत नाही. बारीक चीर पडते आणि ती रोज थोडी पुढे सरकते. शिवाय एक्सल शॉकअपच्या खालच्या बाजूला, म्हणजे सीटवर मऊ होऊन पोचणारा धक्का प्लेटला मात्र जसाच्या तसा बसतो. चेन ताणायला नट सैल केला की ब्रॅकेट गरकन फिरायचा, ते वेगळंच. पण खरी झोप उडवली ती दुसऱ्याच गोष्टीनं. नटाखाली दबलेलं मऊ ॲल्युमिनियम हळूहळू बसत जातं आणि नटाची पकड कमी होते. तो नट प्लेटचा नव्हे, चाकाचा! तोवर लावलेले सगळे ब्रॅकेट आम्ही गिऱ्हाइकांना बोलावून फुकट उतरवले. त्या महिन्यात गल्ल्यात काही उरलं नाही.

नंतर स्टील आलं, गोलाईदार वाक आला, चिमट्यावर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर, स्वतंत्र बोल्ट आले. प्लेटमागे रबरी वायसर आणि थरथरीनं सैल न होणारे नायलॉनवाले नट. एक्सलच्या नटाला आता आम्ही हात लावत नाही.

ज्यांना प्लेट सीटखाली हवी असते त्यांचं दुखणं निराळं. स्टँडवर उभ्या गाडीत टायर आणि प्लेटमध्ये ऐसपैस जागा दिसते. मागे माणूस बसला, खड्डा आला, की टायर प्लेट घासतं. म्हणून शॉकअप सोडवून, तो पूर्ण दबल्यावर चाक जिथवर येईल तिथवर जॅकनं उचलून बघतो. वेळ जातो, गिऱ्हाईक घड्याळाकडे बघतं. बघू दे.

इंडिकेटरनी आमचा बराच घाम काढला. २१ वॅटचे बल्ब काढून दोन-तीन वॅटचे एलईडी लावले की इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या फ्लॅशरला वाटतं बल्ब गेला, आणि इंडिकेटर भरभर लुकलुकायला लागतो. सुरुवातीला आम्ही बल्बएवढी वीज खाणारा रेझिस्टर जोडायचो. तो इतका तापतो की एकदा शेजारच्या वायरचं आवरण वितळलं. आता जिथे फ्लॅशर सुटा मिळतो तिथे फ्लॅशरच बदलतो. नाहीतर रेझिस्टर उघड्या धातूवर, वायरींपासून लांब. जोड क्रिंपचे, म्हणजे धातूची टोपी दाबून, करतो, कारण डाख दिलेली वायर थरथरीनं नेमकी डाखेच्या कडेला तुटते.

हँडल, फूटरेस्ट ही कामं पुढे आपसूक आली. त्यांत एकच पथ्य: हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून क्लचची केबल आणि ब्रेकचा पाइप ताणत नाही ना, हे बघितल्याशिवाय गाडी सोडायची नाही.

काही कामं आम्ही घेत नाही. 'प्लेट जरा आडवी झोपवा, कॅमेऱ्यात यायला नको' म्हणणारा महिन्याला एखादा तरी येतोच. नियम जागोजागी वेगळे, पण प्लेट सरळ मागून वाचता यावी आणि रात्री तिच्यावर दिवा असावा, ही अपेक्षा जवळपास सगळीकडे असते. बगलेची जागाच चालत नसेल तर तसं आधीच सांगतो. अशी गिऱ्हाइकं गेली, काही चांगल्या पैशांची होती.

हल्ली एक नवंच काम वाढलंय: गाडी विकायची म्हणून सगळं पूर्ववत करून देणं. सुरुवातीच्या काळात आम्ही मडगार्ड सरळ कापायचो, त्या गाड्यांना आता नवं मडगार्ड विकत घ्यावं लागतं आणि मालकाचा चेहरा बघवत नाही. आता मूळ भोकांवरच काम बसवतो आणि उतरवलेलं सामान, स्क्रूसकट, पिशवीत बांधून मालकाच्या हातात देतो. तरी निम्मे जण पिशवी इथेच विसरून जातात. माळा त्यानंच भरलाय.