पुणे–लोणावळा लोकलची एक फेरी: तिसऱ्या-चौथ्या रुळाचा हिशेब खिडकीतून

पुणे–लोणावळा तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेला राज्य मंत्रिमंडळाने 2025 मध्ये मान्यता दिली. लांबी सुमारे 64 किलोमीटर, खर्च सुमारे 5,100 कोटी, त्यातला निम्मा वाटा राज्याच्या बाजूने. यावर दोन आक्षेप हमखास ऐकू येतात. एक, मेट्रो आली, आता हे कशाला? दोन, लोकल वाढवायच्या तर आहेत त्याच रुळांवर वाढवा, नवे रूळ कशाला? दोन्हींची उत्तरं एका सकाळच्या फेरीत डोळ्यांनी पाहता येतात. पुढचं सगळं त्या फेरीतून, ज्यांना स्वतः जाऊन पडताळायचं आहे त्यांच्यासाठी.

वार मंगळवार ते गुरुवारमधला धरावा. रविवारी ब्लॉक असण्याची शक्यता जास्त, आणि पावसाळ्यात तर लोणावळ्याला जाणाऱ्या पर्यटकांमुळे गर्दीचा अंदाज पार चुकतो. रोजचा प्रवासी मोजायचा असेल तर कामाचाच दिवस हवा. मोबाइलवरचं पेपरलेस तिकीट स्टेशनात शिरण्याआधी काढावं. फलाटावर उभं राहून ते निघत नाही, कारण ॲप रुळांपासूनचं अंतर तपासतं. विसरलात तर स्टेशनातला क्यूआर कोड स्कॅन करून निघतं, नाहीतर एटीव्हीएम, म्हणजे तिकीट काढायचं यंत्र, आहेच.

पहिला मुक्काम शिवाजीनगरचा फलाट, सकाळी सात ते आठ. या तासात एकच गोष्ट बघायची: डेक्कन क्वीन पुण्याहून 7.15 ला सुटते, तिच्या आगेमागे लोकलला किती वाट मिळते. लोकल सगळीकडे थांबत लोणावळ्याला साधारण 80 मिनिटांत पोचते. क्वीनला पन्नासच्या आसपास लागतात. तळेगाव निम्म्या वाटेवर, सुमारे 34 किलोमीटरवर. तिथपर्यंतच दोघींत पंधरा-सोळा मिनिटांची तफावत पडते. म्हणजे क्वीनच्या आधी वीसएक मिनिटांच्या आत सुटलेली लोकल तळेगावच्या सुमारास लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, टाकावी लागणार, नाहीतर क्वीन तिच्या मागे पिवळ्या सिग्नलवर रांगणार. लोकल थेट लोणावळ्यापर्यंत न थांबवता न्यायची तर अर्ध्या तासाहून जास्त आघाडी हवी. हे एका गाडीचं झालं. सकाळी सिंहगड, क्वीन, प्रगती एकामागून एक मुंबईला निघतात, शिवाय लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या आहेतच. प्रत्येक जलद गाडीमुळे लोकलच्या वेळापत्रकात भोक पडतं. डबे वाढवून गर्दी थोडी हलकी होईल, पण हे भोक बुजत नाही. ‘आहेत त्याच रुळांवर सोडा’ हा आक्षेप इथेच, शिवाजीनगरच्या फलाटावर गळून पडतो.

आता लोकलमध्ये बसायचं. लोणावळ्याकडे जाताना उजवी खिडकी धरा. खडकी सुटलं की मुळा नदीवरचा पूल, शेजारी रस्त्याचा हॅरिस पूल, आणि दापोडीपासून पिंपरीपर्यंत उजव्या हाताला जुना मुंबई–पुणे रस्ता आणि मेट्रोचा उन्नत मार्ग सोबत चालतात. इथे मेट्रोवाल्यांचा आक्षेप अर्धा खरा आहे, हे मान्य करायला हवं. पिंपरीहून शिवाजीनगरला जाणाऱ्याला मेट्रो आहे, ती वारंवार आहे, आणि 29 सप्टेंबर 2024 पासून ती थेट स्वारगेटपर्यंत जाते. या पट्ट्यातल्या माणसासाठी कुणी 5,100 कोटी खर्चू नयेत.

पण पट्टा संपतो. मेट्रो आज पिंपरी-चिंचवड महापालिकेपाशी थांबते, पुढे निगडीपर्यंतचं काम चालू आहे. आकुर्डी, देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली: या माणसांना लोकलशिवाय रुळावरचं दुसरं वाहन नाही. पैशाचा हिशेबही करून बघा. 5,100 कोटींना 64 किलोमीटर म्हणजे किलोमीटरला सुमारे 80 कोटी. हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोचा खर्च 23.3 किलोमीटरला 8,313 कोटी धरला होता, म्हणजे किलोमीटरला साडेतीनशे कोटींच्या वर. तळेगावपर्यंत मेट्रो न्यायची भाषा करण्याआधी हे दोन आकडे शेजारी ठेवावेत.

जागेचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो उजव्या खिडकीतूनच दिसतो. नव्या रुळाचा मध्य जुन्या रुळाच्या मध्यापासून किमान 5.3 मीटरवर हवा. दोन रूळ वाढवायचे म्हणजे भराव, गटार, विजेचे खांब धरून पंधराएक मीटरची पट्टी लागते. कासारवाडी–पिंपरीत एका बाजूला रस्ता आणि मेट्रोचे खांब, दुसऱ्या बाजूला घरांच्या भिंती. पिंपरीला उतरून पादचारी पुलाच्या मध्यावर उभं राहा आणि दोन्ही टोकांना बघा. रस्त्याच्या उड्डाणपुलांच्या गाळ्यांकडे विशेष लक्ष द्या: दोन रुळांपुरता गाळा असेल तर चौथ्या रुळासाठी पूलच नव्याने बांधावा लागतो. खर्च आणि वेळ जिथे फुगेल त्या जागा याच. रुळांत उतरून मोजमाप करू नका, रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली तो गुन्हा आहे. खडकी आणि देहूरोड लष्करी भाग, तिथे मोबाइल खिशातच ठेवा.

गर्दी मोजायची सोपी रीत अशी. पिंपरी, चिंचवड आणि तळेगाव इथे आपल्या डब्याच्या एकाच दारातून किती चढले, किती उतरले ते मोजा. महिलांचा डबा आणि मालाचा डबा वेगळे धरा, नाहीतर डब्याच्या दारांनी आणि मग बारा डब्यांनी गुणताना फसगत होते. जिन्यासमोरचा डबा नेहमी जास्त भरतो, म्हणून मधला आणि टोकाचा असे दोन डबे दोन वेगळ्या फेऱ्यांत मोजलेले बरे. फलाट बारा डब्यांना पुरतो का, हेही बघा: डबा सुमारे 21 मीटर, म्हणजे किमान 255 मीटर लांबी. साधारण 340 पावलं.

तळेगावला उतरून अर्धा तास स्टेशनबाहेर घालवावा. लोकलच्या विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा इथे उभा आहे: कारखाने रुळावर नाहीत. एमआयडीसी नवलाख उंबरेच्या बाजूला, चाकण त्याहून लांब, आणि कामगार कंपनीच्या बसने जातो. चौथा रूळ टाकला म्हणून तो लोकलमध्ये येणार नाही. स्टेशनपासून वेळापत्रकाला जोडलेली बस नसेल तर नव्या मार्गिकेचा निम्मा उपयोग तळेगावच्या रिक्षा थांब्यावरच संपेल. हाच न्याय शिवाजीनगरला उलट लागतो. तिथे स्वारगेटची मेट्रो आहे आणि हिंजवडीच्या मेट्रोचा मार्गही शिवाजीनगरपर्यंत आखलेला आहे, म्हणून मावळातल्या माणसाला लोकल पुणे स्टेशनपर्यंत न नेता शिवाजीनगरहूनच परत फिरवली तरी चालेल. पुणे स्टेशनला सहाच फलाट आहेत. चार रूळ आणून त्या सहा फलाटांत कोंबले तर गाड्या खडकीच्या बाहेर उभ्या राहतील.

रेकचं, म्हणजे डब्यांच्या पूर्ण जोडलेल्या गाडीचं, गणितही हाताशी असू द्या. जायला 80 मिनिटं, यायला 80, दोन्ही टोकांना दहा-दहा मिनिटं, मिळून तीन तासांचा फेरा. दर वीस मिनिटांनी लोकल हवी तर नऊ रेक, दर पंधरा मिनिटांनी तर बारा, आणि दुरुस्तीसाठी वर एक-दोन राखीव. रेक आणि त्यांना उभं राहायला यार्ड यांची तरतूद नसलेला कोणताही आराखडा अर्धवट समजावा.

दुपारचा खंड हा या फेरीतला सगळ्यात मोठा सापळा, आणि मार्गिकेच्या बाजूने सगळ्यात मोठा पुरावाही. साधारण बारा ते तीनच्या दरम्यान लोकल जवळजवळ नसतात. दोनच रूळ असल्यामुळे देखभालीचा ब्लॉक घेतला की सगळ्यात आधी लोकल जाते. सकाळच्या पाळीचा कामगार, दुपारी सुटणारं कॉलेज, बाजार करून परतणारी मावळातली बाई, सगळे रस्त्यावर येतात. दोन जोड्या असतील तर एका जोडीवर ब्लॉक आणि दुसरीवर गाड्या चालू ठेवता येतात. म्हणून मागणी नुसती ‘रूळ वाढवा’ अशी नसावी. नवी जोडी लोकलसाठी राखीव ठेवण्याचं लेखी बंधन त्या मंजुरीत यायला हवं. ते नसेल तर मालगाड्या ती जोडी पहिल्या वर्षातच भरून टाकतील आणि लोकल पुन्हा लूपमध्ये उभी राहील.

कामशेत किंवा मळवलीला दुपारी अडकलात तर फलाटावर ताटकळू नका. जुन्या महामार्गावर येऊन निगडीकडे जाणारी बस पकडा, तिथून मेट्रोपर्यंत दुसरी बस मिळते.

शेवटी लोणावळा. खंडाळ्याच्या टोकाला जाऊन पादचारी पुलावरून घाटाकडे बघा आणि रूळ मोजा. घाटात तीन आहेत. मालगाडीला मागून रेटणारी बँकर इंजिनं इथे सुटतात, उतरणाऱ्या गाड्यांचे ब्रेक तपासले जातात, आणि तीन रुळांवरून वर आलेली वाहतूक पुण्याच्या बाजूला दोनच रुळांत शिरते. खंडाळा–पुणे रूळ 14 जून 1858 ला सुरू झाला, लोकल 11 मार्च 1978 ला. पुलावर वीस मिनिटं थांबलं तर सिग्नलसाठी खोळंबलेली एखादी मालगाडी बहुधा दिसतेच. परतीची लोकल तीनच्या सुमारास, पण नक्की वेळ आदल्या रात्री ॲपवर बघून ठेवा.