कार्टरपुराण

राजकारणावर गप्पा रंगल्या आणि कोणी म्हणालं की भल्या माणसाचं तिथं काम नाही, की मी अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचं नाव काढतो. समोरचे एकमेकांकडे बघतात. "झालं, याचं कार्टरपुराण सुरू." म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

'माणूस देवमाणूस, पण राष्ट्राध्यक्ष म्हणून कच्चा' असा त्यांच्यावर शिक्का आहे. त्यातला कच्चेपणा मी अगदीच नाकारत नाही. 1977 ते 1981 या चार वर्षांत अमेरिकेत महागाई भडकली, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, तेहरानमध्ये अमेरिकी दूतावासातली माणसं ओलीस धरली गेली आणि त्यांना सोडवायची मोहीम वाळवंटातच फसून 8 सैनिक गेले. शिवाय स्वभाव हट्टी. स्वपक्षाच्याच खासदारांशी त्यांचं सूत कधी जुळलं नाही. हे सगळं मान्य. मात्र भलेपणा हा घरात ठेवायचा गुण आहे, कचेरीत त्याचा उपयोग नाही, असं जे या शिक्क्यात गृहीत धरलेलं असतं, ते मला पटत नाही. माझा पुरावा म्हणजे काही फोटो.

सप्टेंबर 1978. मेरीलँडच्या डोंगरात, दाट झाडीतलं कॅम्प डेव्हिड, अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचं विश्रामस्थान. इजिप्तचे अन्वर सादात आणि इस्रायलचे मेनाखेम बेगिन यांच्यात समेट घडवायला कार्टर त्यांना तिथं घेऊन बसले होते. बसले होते म्हणजे, पहिल्या काही दिवसांतच त्या दोघांची अशी जुंपली की पुढं त्यांना समोरासमोर आणण्यात अर्थच उरला नाही. मग कार्टर मसुदे घेऊन एका केबिनमधून दुसऱ्या केबिनमध्ये येरझाऱ्या घालत राहिले. तेराव्या, म्हणजे शेवटच्या दिवशी जेरुसलेमबद्दलच्या एका पत्रावरून पुन्हा बिनसलं. बेगिन संतापले. सगळं मुसळ केरात जायची वेळ आली.

बेगिन यांनी आपल्या नातवंडांसाठी तिघा नेत्यांच्या फोटोवर कार्टर यांची सही मागितली होती. अशा मागण्या नेत्यांकडं रोजच येतात. सह्या ठोकून गठ्ठा पाठवून दिला जातो. कार्टर यांच्या सेक्रेटरीनं मात्र इस्रायलला विचारून नातवंडांची नावं मिळवली. आठ नातवंडं, आठ फोटो. कार्टर यांनी एकेका फोटोवर एकेका मुलाचं नाव घालून सही केली आणि ते फोटो घेऊन ते स्वतः बेगिन यांच्या केबिनकडं चालत गेले. बेगिन यांनी कोरडेपणानं आभार मानले. मग त्यांची नजर वरच्या फोटोवरच्या नावावर गेली. ते नाव त्यांनी मोठ्यानं वाचलं. मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. ओठ थरथरायला लागले, डोळे भरून आले, आणि प्रत्येक नातवंडाबद्दल ते काही ना काही सांगायला लागले. पोलंडमध्ये वाढलेला, ज्याचे आईवडील नाझींनी मारले असा हा मनुष्य. नातवंडांची नावं त्याला नुसती नावं नव्हती.

त्याच संध्याकाळी व्हाइट हाउसमध्ये करारावर सह्या झाल्या. मार्च 1979 मध्ये रीतसर शांतता तह झाला आणि त्यानंतर इजिप्त आणि इस्रायल यांच्यात युद्ध झालेलं नाही. फोटोंनी तह घडवला असं म्हणणं भाबडेपणाचं होईल; त्या पत्राची भाषाही कार्टर यांनी सौम्य केली होती, आणि त्याआधीचे बारा दिवस त्यांनी मसुद्यांवर मसुदे खरडले होते. पण केबिनचं दार उघडं राहिलं ते त्या नावांमुळं, असं मी मानतो. कच्च्या राष्ट्राध्यक्षाला हे सुचलं असतं?

1980 च्या निवडणुकीत रेगन यांनी त्यांना सपाटून हरवलं. 50 पैकी 44 राज्यं गेली. हार मान्य करताना त्यांनी सांगितलं, मी तुमच्याशी कधी खोटं बोलणार नाही असं वचन दिलं होतं, म्हणून 'वाईट वाटत नाही' असं काही म्हणू शकत नाही. खरा जिव्हारी घाव पुढंच होता. 52 ओलिसांच्या सुटकेसाठी त्यांनी शेवटच्या रात्रीपर्यंत जागून वाटाघाटी केल्या, आणि विमानं तेहरानहून उडाली ती रेगन यांचा शपथविधी उरकल्यावर. दुसऱ्याच दिवशी, आता साधे नागरिक झालेले कार्टर जर्मनीला जाऊन त्या सुटलेल्या माणसांना भेटून आले.

जेराल्ड फोर्ड यांची गोष्ट तर मी हटकून सांगतो. 1976 मध्ये कार्टर यांनी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांना हरवलं, आणि शपथ घेतल्यावर पहिल्याच वाक्यात देशाच्या जखमा भरून आणल्याबद्दल त्यांचेच आभार मानले. पुढं सादात यांच्या अंत्ययात्रेहून परतताना विमानात दोघांची दोस्ती जमली ती जन्माची. जो मागं राहील त्यानं दुसऱ्याच्या अंत्यविधीला बोलायचं, असं त्यांचं ठरलेलं. फोर्ड 2006 च्या डिसेंबरात गेले. कार्टर यांनी शब्द पाळला. फोर्ड यांनीही आपलं भाषण लिहून ठेवलं होतं. जानेवारी 2025 मध्ये वॉशिंग्टनच्या कॅथेड्रलमध्ये, कार्टर यांच्या अंत्यविधीत, फोर्ड यांच्या मुलानं ते वाचून दाखवलं. निवडणुकीत ज्यानं आपल्याला घरी बसवलं त्याच्यावर मरणोत्तर भाषण! आपल्याकडं हयातीतही चार बरे शब्द निघत नाहीत.

त्यांच्या या स्वभावाचं मूळ आईकडं आहे असा माझा होरा, आणि ती आई आपल्या विक्रोळीत राहून गेलेली आहे. लिलियन कार्टर पेशानं नर्स. वयाच्या 68 व्या वर्षी, 1966 मध्ये, पीस कोअर या परदेशी स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या स्वयंसेवक म्हणून त्या इथं आल्या आणि गोदरेज वसाहतीतल्या दवाखान्यात काम करत राहिल्या. लोकांनी या वयात निवृत्तीचीही दहा वर्षं उरकलेली असतात. वर्णभेदाच्या काळातल्या जॉर्जियामध्ये कृष्णवर्णीय शेजाऱ्यांना पुढच्या दारानं घरात घेणाऱ्या या बाई. आईच्या पाठोपाठ, चाळीस वर्षांनी मुलगाही महाराष्ट्रात कामाला आला: 2006 मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीच्या बाजूला, बायको रोझलिन आणि हजारो स्वयंसेवकांबरोबर, गरिबांसाठी 100 घरं बांधायला. वय 82. नुसती फीत कापून निघून जायची त्यांना सवय नव्हती. 2019 मध्ये, 95 व्या वर्षी, ते घरात पडले, भुवईवर 14 टाके पडले, आणि त्याच दिवशी ते अशाच घरबांधणीसाठी नॅशव्हिलला पोचले. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत डोळा काळानिळा, कपाळावर पट्टी आणि हातात काम. मुक्काम कायम प्लेन्स गावातल्या दोन बेडरूमच्या जुन्या घरातच.

आता राहिला नारू. आपल्याकडं जुन्या माणसांना विचारा. पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी पिऊन पोटात गेलेली ही अळी वर्षभरानं पायातून हातभर लांबीचा दोरा होऊन बाहेर यायची आणि काडीला गुंडाळत गुंडाळत, दिवसचे दिवस, ती ओढून काढावी लागायची. भारतातून नारू गेला तो इथल्याच आरोग्य खात्याच्या मेहनतीनं. आफ्रिकेत मात्र हे काम कार्टर यांच्या संस्थेनं 1986 पासून अंगावर घेतलं. तेव्हा जगात वर्षाला अंदाजे 35 लाख रुग्ण होते. लस नाही, औषध नाही. कापडानं पाणी गाळा, जखम पाण्यात बुडवू नका, एवढंच गावोगाव सांगत फिरायचं. 1995 मध्ये तर सुदानच्या यादवीत त्यांनी नारूसाठी युद्धबंदी घडवून आणली आणि ती जवळजवळ सहा महिने टिकली.

2015 मध्ये कर्करोग झाल्याचं जाहीर करताना ते म्हणाले होते, शेवटचा नारू माझ्याआधी मरावा. तसं झालं नाही. 29 डिसेंबर 2024 ला, शंभरी पार करून, ते गेले. त्या वर्षी जगात नारूचे 15 रुग्ण सापडले होते. मोहीम रेंगाळली ती कुत्र्यांपायी. चाडमध्ये ही अळी कुत्र्यांत शिरलेली आढळली, म्हणून आता तिथं कुत्री बांधून ठेवा, माशांची आतडी उघड्यावर न टाकता पुरा, असं घरोघर जाऊन सांगावं लागतं. माणसांच्या आकड्याशेजारी कुत्र्यांचाही आकडा दरवर्षी जाहीर होतो, आणि तो अजून तीन अंकी आहे.