साउथसीच्या तटावरून: राणीच्या आरमाराच्या लुटुपुटीच्या लढाया

पोर्ट्समथला उतरणारे बहुतेक पर्यटक नेल्सनचे ‘व्हिक्टरी’ जहाज पाहण्यासाठी गोदीकडे वळतात. मी मात्र आधी साउथसीचा किल्ला गाठला, कारण मला स्पिटहेड पाहायचे होते. आठव्या हेन्रीने 1544 मध्ये बांधलेल्या या ठेंगण्या किल्ल्याच्या तटावर उभे राहिले की समोर आइल ऑफ वाइट बेट दिसते आणि मध्ये, त्या बेटाच्या आडोशाला, मोठमोठी जहाजे निर्धास्त नांगरता येतील असा स्पिटहेड हा समुद्राचा पट्टा पसरलेला असतो. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमाराची राजेशाही पाहणी होत असे ती याच पाण्यात.

11 ऑगस्ट 1853 रोजी व्हिक्टोरिया राणी येथे आली, तेव्हा रशियाशी संबंध बिघडत चालले होते आणि ही पाहणी झारच्याही कानावर जावी अशीच होती. 131 तोफांचे, शिडांबरोबर वाफेवरही चालणारे ‘ड्यूक ऑफ वेलिंग्टन’ हे त्या ताफ्याचे भूषण होते. सलाम्या झाल्यावर जहाजे बाहेर समुद्रात गेली आणि त्यांतल्याच काहींना शत्रू ठरवून लुटुपुटीची लढाई झाली. तोफा खऱ्या, धूर खरा, गोळे तेवढे नव्हते; कोणी हरायचे हेही आधीच ठरलेले होते.

पुढच्याच वर्षी रशियाशी खरे युद्ध, म्हणजे क्रिमियाचे युद्ध, पेटले आणि ‘ड्यूक ऑफ वेलिंग्टन’वर आपले निशाण लावून नौसेनानी सर चार्ल्स नेपियर बाल्टिक समुद्राकडे निघाले. तेथे क्रोनस्टाटच्या किल्ल्यांनी रशियाच्या राजधानीची वाट रोखली होती. भोवतालच्या उथळ पाण्यात या अवाढव्य जहाजांना शिरता येईना. 1853 च्या प्रेक्षकांना दिपवणारा आकारच तेथे अडचणीचा ठरला, आणि मग ब्रिटनने कमी पाण्यात चालणाऱ्या, मोजक्याच पण जड तोफा वाहणाऱ्या छोट्या गनबोटी धडाक्याने बांधायला घेतल्या.

त्या पुरेशा संख्येने तयार होईपर्यंत युद्धच संपले. मार्च 1856 मध्ये पॅरिसचा तह झाला आणि 23 एप्रिलला स्पिटहेडला सुमारे 240 जहाजे जमली, त्यांत शंभराहून अधिक गनबोटी होत्या. क्रोनस्टाटसाठी बांधलेल्या या बोटींनी अखेर हल्ला चढवला तो मी उभा होतो त्याच साउथसीच्या किल्ल्यावर, अर्थात खोटाखोटा. मला या सगळ्या सोहळ्यांत हाच प्रसंग सर्वांत बोलका वाटतो, कारण यातली लढाई लुटुपुटीची असली तरी तिच्यामागचा धडा बाल्टिकमध्ये खराखुरा शिकलेला होता.

1867 च्या पाहणीला तुर्कस्तानचा सुलतान अब्दुल अझीझ आला, पण वादळी हवेने बेत विस्कटला. राणीने हेलकावे खाणाऱ्या राजनौकेवरच त्याला ‘गार्टर’ हा सर्वोच्च किताब बहाल केला. त्या दिवशी हजर असलेले ‘वॉरियर’ हे लढाऊ जहाज आज गोदीत पाहायला मिळते. लोखंडी सांगाडा, त्यावर अठरा इंच जाडीचे सागवान आणि बाहेरून साडेचार इंचांचे लोखंडी चिलखत अशी त्याच्या कुशीची बांधणी आहे. याच बंदरात मुंबईच्या गोदीत 1824 मध्ये बांधलेले, तुर्कांच्या आरमाराविरुद्धच्या नावारिनोच्या लढाईत ब्रिटिश नौसेनानी कॉड्रिंग्टनचे निशाण मिरवलेले ‘एशिया’ 1858 पासून पहाऱ्याचे जहाज म्हणून उभे होते. आता त्याचा मागमूस नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ते विकून टाकण्यात आले.

राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवी पाहणीत, 26 जून 1897 रोजी, चार्ल्स पार्सन्स या अभियंत्याची, वाफेच्या झोताने फिरणाऱ्या टर्बाइनवर चालणारी ‘टर्बिनिया’ ही चिमुकली नौका आगंतुकासारखी रांगांमधून ताशी तीस सागरी मैलांहून अधिक वेगाने सुसाट गेली आणि तिला अडवायला निघालेल्या नौदलाच्या बोटी मागेच राहिल्या. नौदलाने यातला बोध लवकर घेतला: 1906 चे ‘ड्रेडनॉट’ हे लढाऊ जहाज पार्सन्सच्याच टर्बाइनवर चालले. ‘टर्बिनिया’ मात्र पोर्ट्समथला नाही. ती पाहायची तर उत्तरेला न्यूकॅसलच्या डिस्कव्हरी म्युझियममध्ये जावे लागते.