तुम्ही विचारलंत म्हणून: मॅप असताना डायनाबीन कशाला?

जळगाव-धुळ्याकडची नवी पोरं भेटली की हमखास विचारतात, "सर, सगळं हॅशमॅपमध्ये मावतं, मग डायनाबीनचं लचांड कशाला?"

प्रश्न रास्त आहे. जावामध्ये हॅशमॅप म्हणजे नावासमोर मूल्य ठेवायची मोकळी पेटी; डायनाबीन म्हणजे प्रोग्राम चालताना रकाने ठरवता येतील अशी नोंद. आमची गिऱ्हाईकं जिनिंगवाली. कापसाच्या आवक नोंदीत गाडी नंबर, वजन, भाव एवढं सगळ्यांचं सारखं; पुढे ज्याची त्याची तऱ्हा. कुणाला ओलावा हवा, कुणाला कवडीची (खराब कापसाची) कपात, कुणाला हमाली. ऐन हंगामात अमळनेरहून फोन येतो, "भाऊ, आते एक रकाना टाकी दे." दर रकान्याला गेटर-सेटर (मूल्य वाचायचा-लिहायचा कोड) लिहून नवं बिल्ड (प्रोग्रामची नवी आवृत्ती) देत बसलो तर हंगाम उलटेल.

म्हणून मॅप? नोंदीत 'ओलावा' ठेवलं आणि हिशेबात चुकून 'ओलवा' मागितलं, तर मॅप गुपचूप नल, म्हणजे 'काहीच नाही', देतो. नलला शून्य समजणारी ओळ पुढे कुठेतरी असतेच. ओलावा १२ टक्के असला तरी कपात होत नाही, पावती छापली जाते, गाडी निघून जाते.

डायनाबीन ज्यात येतो त्या अपाची कॉमन्स बीनयुटिल्स या जावा लायब्ररीमध्ये प्रत्येक डायनाबीनमागे एक डायनाक्लास असतो. कोणती नावं चालतील आणि कोणाचा टाइप काय (आकडा की मजकूर), हे त्यात ठरलेलं. बेसिकडायनाबीन या त्याच्या साध्या प्रकाराकडे यादीत नसलेलं नाव मागा, तिथल्या तिथे इलीगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन, म्हणजे उघड एरर. डबलच्या (दशांश आकड्याच्या) जागी स्ट्रिंग (मजकूर) घाला, कन्व्हर्जनएक्सेप्शन. रकाने मी कॉन्फिगरेशनमधून वाचतो आणि त्यावरून डायनाक्लास बांधतो. त्यामुळे बिल्ड न बदलता रकाना वाढतो, आणि मागच्या हंगामाच्या नोंदी आपल्या जुन्या डायनाक्लासवरच राहतात.

लेझीडायनाबीन या दुसऱ्या प्रकाराची सगळ्यांना भुरळ पडते, कारण सेट करताच नवी प्रॉपर्टी (रकाना) तयार. डायनाक्लासवर सेटरिस्ट्रिक्टेड केलं की तेही बंद होतं, पण फक्त लिहिण्यापुरतं. वाचताना नाव चुकलं तर हा पठ्ठ्याही नलच देतो, म्हणजे पुन्हा मॅपचंच दुखणं. एक्सेल आत ओढताना ठीक आहे; पैशांच्या हिशेबाला मी तो लावत नाही.

आणि वजन, भाव, तारीख? ती साध्या बीनमध्येच (जावाच्या नेहमीच्या क्लासमध्ये), गेटर-सेटरसकट. तिथली चूक कंपायलरच पकडतो, त्याहून स्वस्त तपासनीस नाही. रिपोर्टचा कोड बीनयुटिल्समधल्याच प्रॉपर्टीयुटिल्समधून वाचतो. त्याला साधा बीन आणि डायनाबीन दोन्ही सारखेच.