आधी चालवा, मग खोला

"घरी जुनी बुलेट पडलीय, पार्किंगमध्येच कस्टम करायचीय, सुरुवात कुठून करू?" हा प्रश्न इतक्या वेळा येतो, की एकदाच नीट लिहून टाकतो. विचारणाऱ्याच्या मोबाइलमध्ये बहुधा एका बॉबरचा, म्हणजे मडगार्ड कापलेल्या, एकट्याच्या सीटच्या गाडीचा फोटो असतो. सीट, हँडल, सायलेन्सर सगळं मनात ठरलेलं असतं. माझं उत्तर ऐकून त्याचा चेहरा पडतो. गाडी आहे तशी चालू करा आणि चारपाचशे किलोमीटर फिरवा. पाना त्यानंतर हातात घ्या.

गाडी गिअर सोडते का, तेल कुठून गळतं, ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढते का, हे खोलण्याआधी कळलं नाही तर जोडणीनंतर निघालेला प्रत्येक दोष आपल्याच हातचा वाटतो. मग नवं वायरिंग, नवा कार्ब्युरेटर आणि जुनं इंजिन, तिन्हींवर एकदम संशय. अशाच अवस्थेत गाड्या पोत्यात भरल्या जातात.

मी इथे कास्ट आयर्न (बिडाच्या) इंजिनवाली बुलेट 350 धरून बोलतोय: 346 सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) 70 मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 90. बरीच वर्षं उभी असेल तर पहिली किक मारण्याआधी क्रँककेसखालचा ड्रेन नट काढा. इंजिन ऑइलच्या टाकीतलं ऑइल हळूहळू खाली उतरून तिथे साचलेलं असतं. तसंच स्टार्ट केलं तर सायलेन्सरमधून पांढरा धूर, ब्रीदरच्या (इंजिनची हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून ऑइल, आणि मालक घाबरून रिंगा बदलायला धावतो. पॉइंटचा, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या उघडझाप स्विचचा, गॅप 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवा. टॅपेट इंजिन थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून लावायचे: पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, बोटांनी फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. एवढ्यावर ती सुरू झाली नाही तर दोष शोधायला गाडी अजून अखंड आहे, हाच फायदा.

आता कागद. हा भाग कुणाला आवडत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवरची माहिती उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182अ आलं: नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. म्हणजे चासी कापणं, दुसरं इंजिन बसवणं हे विषय रस्त्यावरच्या गाडीसाठी संपले. आरसीवर आसनसंख्या दोन असेल तर सिंगल सीटही त्यात अडकते. रंग बदलायचा तर आरटीओत नोंद करून घ्या. केंद्रीय नियम 123 प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी पकड, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण लागतं, आपल्याकडे ज्याला साडीगार्ड म्हणतात ते. फोटोतल्या बॉबरवर यातलं काहीच नसतं. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीचं रजिस्ट्रेशन नूतनीकरण बाकी असेल तर ते मूळ रूपातच उरकून घ्या.

मग उरतं काय? पुष्कळ. बुलेटचा मागचा मडगार्ड कॅरिअर बोल्टने बसतो, त्यामुळे ग्राइंडर न लावताही मागची रेषा बदलता येते. मूळ मडगार्ड बाजूला ठेवा, दुसरा एक जुना आणून त्यावर काम करा. सीटचा तळ 18 गेजच्या पत्र्यात, म्हणजे साधारण 1.2 मिलिमीटर, लांबी दोघांपुरती.

इथे एक माप असं आहे, की नव्वद टक्के लोक ते घेतच नाहीत. मडगार्ड चाकाला चिकटून दिसावा म्हणून गाडी स्टँडवर असताना दोन बोटं जागा सोडून ब्रॅकेट वेल्ड करतात. पहिल्याच स्पीडब्रेकरला, मागे कुणी बसलेलं असताना, टायर मडगार्डला घासतो. बरोबर रीत अशी: दोन्ही शॉकअब्सॉर्बर काढा. त्यांचा उघडा दांडा बंप रबरापर्यंत, म्हणजे शॉकला शेवटी अडवणाऱ्या रबरापर्यंत, मोजा. चाक वर येताना शॉक तेवढाच दबणार. आता चाकाखाली लाकडी ठोकळे घालून ते इतकं वर उचला, की शॉकच्या वरखालच्या बोल्टांमधलं अंतर शॉकच्या पूर्ण लांबीपेक्षा तितकंच कमी होईल, आणि त्या स्थितीत टायर ते मडगार्ड किमान 25 मिलिमीटर जागा ठेवा. स्टँडवर हीच फट बेढब मोठी दिसते. दिसू द्या. ब्रॅकेट आणि पत्र्यामध्ये रबरी ग्रोमेट हवाच, नाहीतर या इंजिनच्या थरथरीने वेल्डच्या कडेला महिन्याभरात तडा जातो. वेल्डिंगला बॅटरी सोडवून ठेवा आणि अर्थ क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ लावा. करंट बेअरिंगमधून गेला तर गोळ्यांवर खड्डे पडतात. पेट्रोल टाकीला मात्र घरी वेल्डिंग नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण आत वाफ असते.

दुसरा हट्ट छोट्या गोल हेडलाइटचा. बुलेटचा हेडलाइट डोम म्हणजे नुसतं झाकण नव्हे. फोर्कचे पाइप वर त्याच्यातच बसतात, हँडल त्याच्यावर, स्पीडोमीटर आणि ॲमीटर त्याच्या पोटात. तो काढला की फोर्कला वरून धरायला काही उरत नाही. वेगळा टॉप योक (फोर्कचे पाइप वरून धरणारा तुकडा), त्याचे नट, मीटरला जागा, सगळं लागतं. पहिल्या गाडीला डोम राहू द्या. तसाही तो या गाडीचा चेहरा आहे.

हँडल बदललं की केबलच्या लांब्या बदलतात. इंजिन आयडलला ठेवून हँडल दोन्ही टोकांना वळवा. आवाज चढला तर ॲक्सिलरेटर केबल ओढली जातेय. भर चौकात यू-टर्न घेताना हे कळण्यापेक्षा पार्किंगमध्ये कळलेलं बरं.

हे सगळं रंगाविना. कस्टम गाडी दोनदा जोडावी लागते: एकदा उघड्या लोखंडात, सीट, मडगार्ड, दिवे, वायरची वाट, सगळं बसवून, पेट्रोल घालून, जवळपास चालवून, आणि मग पुन्हा पूर्ण सोडवून रंगानंतर. रंगवलेल्या चासीवर 'इथे एक भोक राहिलं' म्हणत ड्रिल चालवणं फार वाईट वाटतं.

सोडवताना प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या झिपलॉक पिशवीत, वर मार्करने नाव. जुन्या बुलेटमध्ये इंची आणि मेट्रिक दोन्ही आटे सापडतात. तीन अष्टमांश इंचाच्या जागी 10 मिलिमीटरचा बोल्ट दोन आटे जातो, मग अडतो, मग कुणीतरी पान्याला पाइप लावतो आणि आटे जातात. हाताने फिरत नसेल तर तो बोल्ट तिथला नाही. इंजिन उतरवण्याआधी चासीखाली लाकडी घोडा तयार ठेवा. या चासीला खालची नळी नाही, तो भाग इंजिननेच पुरा होतो.

पावडर कोटिंगला देताना चासी नंबरवर सँडब्लास्टिंग किंवा ग्राइंडर लागू देऊ नका, झाकून द्या म्हणून स्वतः उभं राहून सांगा. हँडल ज्यावर फिरतं त्या बॉलरेसरच्या वाट्या आणि स्विंगआर्मचे बुश आधी काढा. भट्टी 180 ते 200 अंशांची असते. आट्यांवर टेप हवी.

आणि मग येतो तो दोष, ज्यासाठी लोक रात्री फोन करतात: "सगळं नवीन आहे, पण हॉर्न दाबला की हेडलाइट मंद होतो, कधी कधी गाडीच बंद पडते." पावडरचा थर वीज वाहू देत नाही. अर्थची वायर सुंदर रंगावर आवळलेली असते. पॉइंटवाल्या बुलेटला ठिणगी बॅटरीकडूनच मिळते, म्हणून अर्थ गेला की इंजिनही गेलं. अर्थच्या जागी नाण्याएवढा रंग खरवडून लोखंड उघडं करा, वर पेट्रोलियम जेली लावा, आणि बॅटरीपासून इंजिनला थेट एक 2.5 चौरस मिलिमीटरची वायर टाका. हेडलाइटचा 60 वॅटचा बल्ब 12 व्होल्टला 5 अँपिअर घेतो, त्याला 1.5 चौरस मिलिमीटरची वायर आणि रिले (हँडलच्या स्विचऐवजी करंट सोसणारा स्विच) द्या, बॅटरीजवळ 15 अँपिअरचा मुख्य फ्यूज. इंडिकेटर एलईडी लावले तर फ्लॅशरही एलईडीचाच, नाहीतर ते घाईघाईने लुकलुकतात.

सुटे भाग पुण्यात नाना पेठेत मिळतात, तिथे नाही ते दिल्लीच्या करोल बागेतून येतं. घेताना जुना भाग खिशात असू द्या; दुकानदाराच्या 'हाच बसतो साहेब' पेक्षा तो जास्त कामाचा.

एअर फिल्टर उघडा केला असेल तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. मेन जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल सोडणारी तोटी) नंबरात पाचच्या टप्प्याने वाढवा आणि प्रत्येक वेळी प्लग काढून बघा: पांढरा म्हणजे अजून पातळ, काळा काजळलेला म्हणजे जास्त झालं, विटकरी आला की थांबा. सायलेन्सरजवळ नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले) नट लावू नका, नायलॉन वितळतं. तिथे स्प्रिंग वॉशर. रंगानंतरच्या पहिल्या 50 किलोमीटरला गाडी थंड झाली की इंजिन माउंटिंग, हेडला चासीशी बांधणारा स्टे, मागचा ॲक्सल आणि मडगार्डचे सगळे नट पुन्हा आवळा. नव्या पावडरचा थर दाबला जातो आणि कडक आवळलेला नट सैल निघतो. 200 किलोमीटरला आणखी एकदा.